प्रथिन-आरएनए संकुलांचा चुंबकीय अनुस्पंदनाद्वारे अभ्यास

प्रथिन-आरएनए संकुलांचा चुंबकीय अनुस्पंदनाद्वारे अभ्यास हा संरचनात्मक जीवशास्त्रातील एक विषय आहे. प्रथिने आणि रायबोन्यूक्लिइक आम्ल म्हणजेच आरएनए यांचे रेणू एकमेकांना कसे ओळखतात, कोणत्या क्रमाने एकत्र येतात आणि एकत्र आल्यावर त्यांच्या आकारात कोणते बदल होतात, याचा शोध या अभ्यासात घेतला जातो. त्यासाठी प्रामुख्याने अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन (एनएमआर) आणि त्याच्या जोडीला इलेक्ट्रॉन समचुंबकीय अनुस्पंदन (ईपीआर) ही तंत्रे वापरतात. या तंत्रांसाठी रेणूंचा स्फटिक करावा लागत नाही आणि त्यांना गोठवावेही लागत नाही, निदान एनएमआरमध्ये तरी नाही. रेणू द्रावणात हालचाल करत असतानाच त्यांचे निरीक्षण करता येते. त्यामुळे तयार संकुलाच्या रचनेइतकीच त्याच्या जुळणीची प्रक्रियाही अभ्यासता येते.

== जुळणीचा प्रश्न ==

पेशीत आरएनएचा रेणू एकटा क्वचितच आढळतो. डीएनएवरून त्याचे प्रतिलेखन सुरू असतानाच प्रथिने त्याला येऊन चिकटू लागतात. पुढे त्याची काटछाट, वाहतूक, भाषांतरण आणि अखेरचे विघटन ही सर्व कामे प्रथिनांच्या सोबतीनेच होतात. रायबोसोम, स्प्लायसोसोम आणि टेलोमरेज ही या प्रकारच्या संकुलांची परिचित उदाहरणे होत.

आरएनएला बांधणाऱ्या प्रथिनांत वारंवार आढळणारा एक भाग म्हणजे आरएनए-अभिज्ञान क्षेत्र. तो साधारण ८० ते ९० अमिनो आम्लांचा असतो. चार धाग्यांचा एक बीटा-पट्ट आणि त्याच्या पाठीशी दोन सर्पिले अशी त्याची घडी असते. असे एक क्षेत्र बहुधा आरएनएमधील मोजकीच न्यूक्लिओटाइडे ओळखते, आणि येथेच अडचण निर्माण होते. आरएनएची वर्णमाला चार अक्षरांची आहे. त्यामुळे चार अक्षरांचा कोणताही ठरावीक क्रम केवळ योगायोगाने सरासरी दर २५६ स्थानांमागे एकदा येतो. हजारो न्यूक्लिओटाइडे लांबीच्या संदेशवाहक आरएनएवर तो अनेक ठिकाणी सापडणार. मग प्रथिन नेमकी योग्य जागा कशी निवडते?

या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. काही प्रथिने अशी अनेक क्षेत्रे शेजारी शेजारी जोडून वापरतात. काही प्रथिने अक्षरक्रमाबरोबर आरएनएच्या घडीचा आकारही ओळखतात, तर काही दुसऱ्या प्रथिनाच्या साहाय्यानेच पक्की बसतात. कित्येकदा बंधनापूर्वी प्रथिन किंवा आरएनए यांपैकी एकाला निश्चित आकारच नसतो, तो बंधनातून घडतो. अशा वेळी केवळ अंतिम संकुलाचे चित्र हाती असून भागत नाही. मोकळी स्थिती, मधल्या पायऱ्या आणि त्यांना लागणारा वेळ हेही कळावे लागते.

== तत्त्व ==

हायड्रोजन, कार्बन-१३, नायट्रोजन-१५ आणि फॉस्फरस-३१ यांची अणुकेंद्रे सूक्ष्म चुंबकांसारखी वागतात. बाह्य चुंबकीय क्षेत्रात त्यांना दोन ऊर्जापातळ्या उपलब्ध होतात, आणि योग्य कंप्रतेच्या रेडिओ लहरी दिल्यास ती एका पातळीवरून दुसरीवर जातात. हायड्रोजनसाठी ही कंप्रता दर टेस्लामागे सुमारे ४२.५८ मेगाहर्ट्‌झ असते. म्हणून प्रयोगशाळांत चुंबकाचा उल्लेख टेस्लात न करता हायड्रोजनच्या कंप्रतेने करण्याची प्रथा आहे. ‘६०० मेगाहर्ट्‌झचा चुंबक’ म्हणजे सुमारे १४.१ टेस्लाचा, तर १.२ गिगाहर्ट्‌झचा म्हणजे सुमारे २८.२ टेस्लाचा.

दोन पातळ्यांतील ऊर्जेचा फरक अत्यल्प असतो. सामान्य तापमानाला १४.१ टेस्ला क्षेत्रातही खालच्या पातळीवरील अणुकेंद्रांचे आधिक्य लाखात सुमारे पाच एवढेच भरते, आणि मोजता येणारा संदेश याच आधिक्यातून मिळतो. एनएमआरची संवेदनशीलता कमी का, महागडे चुंबक का लागतात आणि एकेका प्रयोगाला कित्येक तास किंवा दिवस का जातात, याचे मूळ कारण हेच आहे.

प्रत्येक अणुकेंद्राभोवतीचे इलेक्ट्रॉन बाह्य क्षेत्राला थोडेसे अडवतात. त्यामुळे एकाच मूलद्रव्याची अणुकेंद्रे रेणूतील आपापल्या स्थानानुसार किंचित वेगळ्या कंप्रतेला प्रतिसाद देतात. या फरकाला रासायनिक स्थानांतर किंवा केमिकल शिफ्ट म्हणतात. दुसरा रेणू जवळ आला की परिसर बदलतो आणि वर्णपटातील शिखर आपली जागा सोडते. संकुलांच्या अभ्यासातील बहुतेक पद्धती या साध्या गोष्टीवर उभ्या आहेत.

== इतिहास ==

इसिडोर राबी यांनी १९३८ मध्ये रेणूंच्या झोतात अणुकेंद्रीय अनुस्पंदन दाखवले. १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी ते स्वतंत्रपणे द्रव आणि घन पदार्थांत मोजले. या कामासाठी दोघांना १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. इलेक्ट्रॉन समचुंबकीय अनुस्पंदनाचा शोध त्याआधी १९४४ मध्ये कझान येथे येवगेनी झावोयस्की यांनी लावला होता.

एकाच रेणूतील वेगवेगळे हायड्रोजन वेगळे ओळखता येतात, हे १९५१ मध्ये स्टॅनफर्ड येथील जे. टी. अर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि एम. ई. पॅकर्ड यांनी एथिल अल्कोहोलच्या वर्णपटातील तीन शिखरांवरून दाखवले. यांपैकी धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआर संशोधनाचा पाया घातला. उच्च चुंबकीय क्षेत्रातील एनएमआरची राष्ट्रीय सुविधा नंतर याच संस्थेत उभी राहिली.

रिचर्ड अर्न्स्ट यांनी फूरिए रूपांतर आणि द्विमितीय वर्णपट या पद्धती विकसित केल्या. त्यांना १९९१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कुर्ट व्ह्यूट्रिख यांनी द्रावणातील प्रथिनांची त्रिमितीय संरचना काढण्याची पद्धत बसवली आणि त्यासाठी ते २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. प्रथिन-आरएनए संकुलांकडे हे तंत्र १९९० च्या दशकात वळले. एचआयव्ही विषाणूच्या ‘टार’ नावाच्या आरएनए-घडीला आर्जिनिनसारखा छोटा रेणू बांधला की त्या घडीचा आकार बदलतो, हे १९९२ मध्ये दिसून आले. १९९८ मध्ये त्याच विषाणूचे न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिन विषाणूच्या जनुकीय आरएनएतील एका केशपिन-घडीला कसे पकडते, याची संरचना प्रसिद्ध झाली. नव्या विषाणूकणात योग्य आरएनए भरण्याच्या प्रक्रियेशी या बंधनाचा थेट संबंध आहे.

== नमुन्याची तयारी ==

निसर्गात कार्बन-१३ चे प्रमाण सुमारे १.१ टक्का आणि नायट्रोजन-१५ चे सुमारे ०.३७ टक्का असते. म्हणून नमुन्यात ही समस्थानिके मुद्दाम भरावी लागतात. प्रथिनासाठी एश्चेरिशिया कोलाय जीवाणू नायट्रोजन-१५ युक्त अमोनियम क्लोराइड आणि कार्बन-१३ युक्त ग्लुकोजवर वाढवतात. आरएनए बहुधा टी७ विषाणूच्या पॉलिमरेज विकराने परीक्षानळीत तयार करतात. त्यात चारांपैकी एकाच प्रकारचे न्यूक्लिओटाइड चिन्हांकित ठेवण्याचीही सोय असते.

आरएनएच्या वर्णपटात गर्दी फार असते. प्रथिनात वीस प्रकारची अमिनो आम्ले असतात, आरएनएत केवळ चार प्रकारची न्यूक्लिओटाइडे. परिणामी शिखरे एकमेकांवर चढतात. यावर उपाय म्हणून लांब आरएनएचा एकच तुकडा चिन्हांकित करून तो उरलेल्या अचिन्हांकित तुकड्यांना विकराच्या साहाय्याने जोडतात. अशा आरएनएत तेवढाच तुकडा ‘बोलतो’, बाकीचे गप्प राहतात. नमुना हाताळणे हेही जोखमीचे काम आहे. आरएनए तोडणारी विकरे माणसाच्या त्वचेवरसुद्धा असतात, आणि त्यांच्या संसर्गाने महिन्याभराच्या मेहनतीचा नमुना एका रात्रीत वाया जाऊ शकतो.

मोठ्या संकुलांची अडचण निराळी आहे. रेणू जितका मोठा तितका तो द्रावणात सावकाश फिरतो आणि त्याची शिखरे रुंद होत होत अखेर दिसेनाशी होतात. १९९७ मध्ये व्ह्यूट्रिख यांच्या गटाने मांडलेल्या ‘ट्रॉझी’ पद्धतीने ही मर्यादा पुष्कळ सैल केली. प्रथिनातील बहुतेक हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घालून केवळ आयसोल्यूसिन, ल्यूसिन आणि व्हॅलिन यांचे मिथिल गट दृश्य ठेवले, तर शेकडो किलोडाल्टनच्या संकुलांतही शिखरे मिळतात.

== मोजमापे ==

सर्वांत प्रचलित प्रयोगात नायट्रोजन-१५ चिन्हांकित प्रथिनाचा द्विमितीय वर्णपट घेतात. त्यात प्रोलिन वगळता मुख्य साखळीतील प्रत्येक अमिनो आम्लासाठी साधारण एक शिखर येते. आता त्यात अचिन्हांकित आरएनए थोडा थोडा मिसळत जायचा आणि दर टप्प्याला वर्णपट घ्यायचा. जी शिखरे हलतात ती बंधनाच्या जागेजवळची. ती कशी हलतात यावरून बंधनाचा वेगही कळतो. बंधन सैल असून रेणू झटपट चिकटत-सुटत असतील तर शिखर हळूहळू सरकते. बंधन घट्ट असेल तर जुने शिखर मावळते आणि नवे दुसरीकडे उगवते. या दोहोंच्या मधल्या वेगाला मात्र शिखर पसरून नाहीसे होते, आणि नेमका महत्त्वाचा भागच अदृश्य होण्याचा अनुभव या क्षेत्रात नवा नाही. शिखर हलले म्हणजे तेथे आरएनए चिकटलाच, असेही समजू नये. दूरच्या भागाचा आकार बदलल्यानेही शिखर हलू शकते.

आरएनएच्या बाजूने पाहताना ग्वानिन आणि युरॅसिल यांच्यावरील इमिनो हायड्रोजन उपयोगी पडतात. बेस-जोडीत अडकलेले असतील तरच ते ठळक दिसतात, एरवी पाण्याशी अदलाबदल होऊन त्यांचा संदेश हरवतो. त्यामुळे कोणत्या जोड्या जुळल्या आणि प्रथिन आल्यावर कोणत्या उकलल्या, हे थेट वाचता येते.

संरचना काढण्यासाठी अंतरे लागतात. अणुकेंद्रीय ओव्हरहाउझर परिणामातून साधारण ०.५ ते ०.६ नॅनोमीटरच्या आतील हायड्रोजनांच्या जोड्या कळतात. त्यापलीकडील, सुमारे २.५ नॅनोमीटरपर्यंतच्या अंतरांसाठी प्रथिनातील एखाद्या सिस्टीनला अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेला नायट्रॉक्साइड गट जोडतात. त्याच्या आसपासची शिखरे फिकी पडतात, आणि हा परिणाम अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतो. असे दोन गट जोडून गोठवलेल्या नमुन्यावर ईपीआरचा ‘डीअर’ हा स्पंद-प्रयोग केला, तर साधारण १.५ ते ८ नॅनोमीटरची अंतरे मिळतात. सरासरी अंतराबरोबर अंतरांचे वितरणही मिळते, हे ‘डीअर’चे वैशिष्ट्य होय. संकुल एकाच आकारात आहे की अनेक आकारांत, याचा त्यावरून अंदाज येतो.

== यू१ए: घडणीतून ओळख ==

यू१ए हे मानवी प्रथिन स्प्लायसोसोमच्या यू१ या घटकात असते. ते स्वतःच्याच संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडील भागाला बांधून पॉलिअॅडेनिलीकरण थांबवते आणि अशा रीतीने आपले उत्पादन आटोक्यात ठेवते. यू१ आरएनएच्या केशपिनाशी झालेल्या त्याच्या संकुलाची स्फटिक-संरचना कियोशी नागाई यांच्या गटाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. १९९६ मध्ये फ्रेडरिक आलँ, गाब्रिएले वारानी आणि सहकाऱ्यांनी शेपटाकडील आरएनएशी होणाऱ्या संकुलाची संरचना एनएमआरने काढली. मोकळ्या आरएनएतील एकेरी फासा विस्कळीत असतो. प्रथिनाच्या पृष्ठभागावर बसतानाच तो निश्चित आकार धारण करतो. प्रथिनाच्या टोकाचे एक सर्पिलही बंधनाची जागा मोकळी करून बाजूला सरकते. म्हणजे येथे कुलूप आणि किल्ली दोन्ही एकमेकांच्या सहवासात घडतात.

== आरएसएमझेड: प्रथिने शोषणारा आरएनए ==

जुळणीचा क्रम उलगडणाऱ्या अभ्यासांत आरएसएमझेड या आरएनएवरील काम विशेष उल्लेखनीय आहे. स्यूडोमोनास फ्लोरेसेन्स हा मातीत, वनस्पतींच्या मुळांभोवती राहणारा जीवाणू. त्यातील आरएसएमई हे प्रथिन दोन-दोन रेणूंच्या जोडीने वावरते. काही संदेशवाहक आरएनएंवर रायबोसोम जेथे बसायचा, तेथील ‘जीजीए’ हा क्रम ही जोडी पकडून ठेवते, त्यामुळे भाषांतरण थांबते. अशा प्रकारे दाबून ठेवलेल्या जनुकांपैकी एक हायड्रोजन सायनाइड तयार करणाऱ्या विकराचे आहे, आणि या विषामुळे मुळांवरील काही बुरशींना आळा बसतो. जनुक चालू करायची वेळ आली की जीवाणू आरएसएमझेड हा कोणत्याही प्रथिनाचा संदेश नसलेला आरएनए तयार करतो. त्यावर ‘जीजीए’ क्रम अनेकदा येतो. आरएसएमईच्या जोड्या तिकडे ओढल्या जातात आणि संदेशवाहक आरएनए मोकळा होतो.

हा हिशेब कागदावर सोपा दिसतो. परंतु जोड्या आरएसएमझेडवर वाटेल तशा बसतात की ठरावीक क्रमाने? २०१४ मध्ये झुरिक येथील स्विस संघीय तंत्रज्ञान संस्थेतील ओलिव्हिए डुस, गुन्नार येश्के, फ्रेडरिक आलँ आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले. त्यांनी तुकड्यातुकड्याने चिन्हांकित केलेल्या आरएनएवर एनएमआर केले आणि प्रत्येक बंधनस्थानाची बारीक रचना मिळवली. ही स्थाने एकमेकांपासून दूर असल्याने त्यांची परस्पर मांडणी एनएमआरच्या आटोक्याबाहेर होती, ती ईपीआरने मोजलेल्या लांब अंतरांवरून ठरली. सुमारे ७० किलोडाल्टनच्या या संकुलात आरएसएमईच्या तीन जोड्या असतात. त्या एकामागून एक, ठरावीक जागी आणि परस्परांना साहाय्य करत बसतात. त्यांच्या बंधनशक्तीतील फरक मात्र थोडाच असतो. अशा जुळणीतून एक नव्हे, दोन वेगवेगळ्या संरचना तयार होतात.

संशोधकांनी आरएसएमझेडला ‘स्पंज’ची उपमा दिली, आणि ती समर्पक आहे. बंधने फार घट्ट असती तर प्रथिने परत सुटली नसती, फार सैल असती तर शोषलीच गेली नसती. शिवाय प्रथिने बसलेली असताना आरएनए तोडणाऱ्या आरएनेज ई या विकरापासून आरएसएमझेडचे संरक्षण होते, हेही या संरचनेवरून स्पष्ट झाले.

== सी/डी पेटी संकुल ==

रायबोसोमच्या आरएनएवर ठरावीक जागी मिथिल गट बसवणाऱ्या सी/डी पेटी संकुलात एका मार्गदर्शक आरएनएवर दोन लक्ष्यांचे पत्ते असतात. असे दोन पत्ते एकत्र का, हे दीर्घकाळ कोडे होते. २०१३ मध्ये टेरेसा कार्लोमान्यो यांच्या गटाने उष्णताप्रेमी पायरोकॉकस फ्युरिओसस या आर्किअनमधील ३९० किलोडाल्टनच्या संकुलाची, लक्ष्य-आरएनएसह असलेली संरचना काढली. मिथिल गटांच्या एनएमआरला त्यांनी न्यूट्रॉन विकिरणाची जोड दिली. साध्या पाण्यात जड पाणी सुमारे ४२ टक्के मिसळले तर न्यूट्रॉनांना प्रथिन ‘दिसत’ नाही, सुमारे ७० टक्के मिसळले तर आरएनए दिसत नाही. त्यामुळे एकाच संकुलातील दोन्ही घटकांचे आकार वेगवेगळे मोजता येतात. एकाच मार्गदर्शकावरील दोन पत्ते संकुलात समान परिस्थितीत नसतात आणि दोन जागांचे मिथिलीकरण एकापाठोपाठ होते, असा निष्कर्ष निघाला.

== स्प्लायसिंग आणि औषधे ==

यू२एएफ६५ या स्प्लायसिंग प्रथिनात दोन आरएनए-अभिज्ञान क्षेत्रे असतात. मिखाएल झाटलर यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की ही जोडी ‘मिटलेली’ आणि ‘उघडी’ अशा दोन स्थितींत सतत ये-जा करते. आरएनएतील पिरिमिडिनांची रांग जितकी सशक्त, तितका तोल उघड्या स्थितीकडे झुकतो. येथे आरएनए नवा आकार घडवत नाही, प्रथिनात आधीपासून असलेल्या आकारांतून निवड करतो.

पाठीच्या कण्यातील चेतापेशी नष्ट होऊन बालकांचे स्नायू दुर्बल करणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या आनुवंशिक विकारात एसएमएन१ हे जनुक निकामी असते. त्याचे जुळे जनुक एसएमएन२ शाबूत असते, परंतु एका न्यूक्लिओटाइडाच्या फरकामुळे स्प्लायसिंगच्या वेळी त्याचा सातवा एक्सॉन बहुधा वगळला जातो. रिसडिप्लाम हे तोंडाने घ्यायचे औषध तो एक्सॉन पुन्हा समाविष्ट करवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला ऑगस्ट २०२० मध्ये मान्यता दिली. या वर्गातील रेणू चाचण्यांतून हाती लागले होते, ते काम कसे करतात हे नंतर समजले. २०१९ मध्ये आलँ यांच्या गटाने एसएमएन-सी५ या संबंधित रेणूची एनएमआर संरचना प्रसिद्ध केली. यू१ आरएनए आणि एक्सॉनचे टोक यांच्या दुपेडी सर्पिलात एक अॅडेनिन जोडीविना बाहेर फुगलेले असते. हा रेणू त्याला आत घेऊन सर्पिलातील व्यंग भरून काढतो, आणि दुबळी स्प्लायसिंग-जागा सबळ होते.

== पेशीच्या आत ==

वरील सर्व प्रयोग शुद्ध केलेल्या घटकांवरील आहेत. प्रत्यक्ष पेशीत दाटी असते. ए. कोलायमध्ये प्रथिने आणि आरएनए मिळून लिटरमागे सुमारे ३०० ते ४०० ग्रॅम भरतात. परीक्षानळीतील जुळणी तेथेही तशीच होते का, हा आक्षेप या क्षेत्रावर नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. जिवंत जीवाणूतील प्रथिनांचे एनएमआर २००१ पासून होऊ लागले. २००९ मध्ये ए. कोलायच्या आतच एका प्रथिनाची संपूर्ण संरचना काढण्यात आली. आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशींत आणि मानवी पेशींतही चिन्हांकित प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले सोडून त्यांचे वर्णपट घेतले गेले आहेत.

तरीही आरएनए-बंधक प्रथिनांच्या बाबतीत ही पद्धत नेमकी अडखळते. ती बहुधा धनभारित असतात. पेशीत शिरताच ती रायबोसोम आणि इतर मोठ्या रेणूंना चिकटतात, त्यांचे फिरणे मंदावते आणि शिखरे नाहीशी होतात. वर्णपट कोरा येणे हा येथे एका अर्थी निष्कर्षच असतो, पण त्यातून संरचना काढता येत नाही. घनस्थिती एनएमआरमध्ये नमुना तिरक्या अक्षावर वेगाने फिरवतात, त्यामुळे रेणूच्या आकाराची मर्यादा उरत नाही. एल७एई प्रथिनाला बांधलेल्या सी/डी पेटी आरएनएची संरचना २०१५ मध्ये अशा प्रकारे काढण्यात आली.

मधला मार्ग म्हणून पेशीतील थेंबांसारखे सांद्रण परीक्षानळीत घडवून ते तपासतात. एफयूएस हे आरएनए-बंधक प्रथिन असे थेंब तयार करते, आणि त्यातील काही उत्परिवर्तने अॅमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस या चेताविकाराशी निगडित आहेत. त्याचा कमी विविधतेचा शेपटासारखा भाग थेंबातही विस्कळीतच राहतो, असे २०१५ मध्ये एनएमआरने दिसले. थेंब तळाशी बसून एकत्र होऊ नयेत म्हणून ते अगॅरोजच्या जेलीत अडकवून ठेवण्याची युक्ती नंतर वापरली गेली. २०२१ मध्ये अशा नमुन्यांवर एनएमआर आणि ईपीआर दोन्ही करून थेंब बनताना एफयूएसची साखळी आवळली जाते, असे दाखवण्यात आले.